घरातली ठासणीची बंदूक: परवाना, वारसनोंद आणि दोन शस्त्रांची मर्यादा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना ही नवलाची गोष्ट नाही. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत चोंढा तुडवून जातो, त्यामुळे गावागावांत ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. काही अजून राखणीला जातात, काही नुसत्या माळ्यावर आहेत. त्यांच्या कागदांबद्दल मात्र लोकांच्या मनात मोठा घोळ आहे, आणि तो वाढला २०१९ च्या कायदाबदलानंतर. ‘आता एकच बंदूक ठेवता येणार’, ‘जुन्या बंदुकीला परवानाच लागत नाही’, अशी दोन टोकांची वाक्यं आजही ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींवर विसंबून राहिलं तर घरातला माणूस अडचणीत येऊ शकतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या शस्त्र सुधारणा विधेयकात एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून थेट एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. नेमबाजांनी आणि वारसाहक्काने शस्त्रं आलेल्या घराण्यांनी त्याला हरकत घेतली. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं तेव्हा ही मर्यादा दोन ठरली. ज्यांच्याकडे तिसरं शस्त्र होतं त्यांना ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला एक वर्ष दिलं होतं. ती मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. तेव्हा कुणाच्या परवान्यावर अजून तीन बंदुकांची नोंद असेल आणि तिसरी घरात असेल, तर हा विषय पुढच्या नूतनीकरणापर्यंत लांबवू नये.

एकच्या मर्यादेचा तो प्रस्ताव मूळ रूपात आला असता तर आपल्याकडच्या शेतकऱ्याला वडिलांची बंदूक किंवा स्वतःची, यांतली एक सोडावी लागली असती. एकदा बार काढला की पुन्हा दारू, छर्रे आणि चिंधी ठासून भरावी लागणारी बंदूक आणि आजचं पिस्तूल यांना एकाच मापाने मोजणं मला आजही पटत नाही. पण कायदा मोजताना फरक करत नाही. ठासणीची बंदूकही त्या दोनांतच धरली जाते.

नवा परवाना: कोणाला, कसा

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत जातो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा अर्ज मात्र पोलीस आयुक्तांकडे असतो. शस्त्र नियम २०१६ नुसार अर्जाचा नमुना ए-१ आहे आणि नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमध्ये होते.

शेतकऱ्यांनी शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम १३ जरूर वाचावं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली असेल, तर परवाना द्यावा असंच ते कलम म्हणतं. ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची (नळीत आतून पीळ नसलेली) दुसरी बंदूकही मंजूर करता येते. कलम १४ नुसार, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दहा-बारा गुंठ्यांचा धनी असलेल्या शेतकऱ्याने ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून मागे हटायचं कारण नाही.

अर्जासोबत पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि नमुना एस-३ मधला वैद्यकीय दाखला लागतो. या दाखल्यात मानसिक आणि शारीरिक तंदुरुस्ती तर असतेच, शिवाय अर्जदार व्यसनाधीन नसल्याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. तो नसला की अर्ज परत येतो, म्हणून डॉक्टरांकडे जाताना छापील नमुना घेऊन जा.

शेती संरक्षणासाठी यात सातबारा आणि आठ-अ जोडायचे. इथेच कोकणातल्या अर्जाची खरी अडचण आहे. आपले सातबारे सामाईक असतात, त्यावर आजोबांच्या भावांपासून मुंबईतल्या चुलतभावांपर्यंत सगळ्यांची नावं असतात. अर्जदार प्रत्यक्ष कोणती जमीन कसतो हे दाखवायला सहहिस्सेदारांची संमतीपत्रं जवळ असलेली बरी. वन विभागाने पूर्वी पीक नुकसानीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत आवर्जून लावा. राखणीची गरज दाखवणारा त्याहून चांगला कागद नाही. जिल्ह्यागणिक यादीत थोडाफार फरक पडतो. शाखेत जाऊन आधी चालू यादी घ्यावी आणि मगच प्रतिज्ञापत्रांवर पैसे खर्च करावेत.

अर्ज स्वीकारल्यावर तो पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. घरी चौकशी होते, गुन्हे नोंद तपासली जाते, बंदूक ठेवणार कुठे हे विचारलं जातं. कुलूपबंद कपाट आधीच असेल तर या चौकशीत बोलायला काही उरत नाही.

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी आणखी एक पायरी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे तिथे नवा परवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते, आणि आधीपासून परवाना असलेल्यांनी आपलं नाव नोंदवणं अपेक्षित आहे. रायगडात फणसाड अभयारण्याजवळची गावं, घाटमाथ्यावरच्या राधानगरी किंवा कोयना अभयारण्याच्या पायथ्याची गावं यांनी हे अंतर अर्जाआधीच तपासावं. अर्ज महिनोन्‌महिने रखडला आणि कारण कळत नसेल तर बहुधा फाइल या सहमतीसाठी थांबलेली असते.

परवाना नाकारला तर कारण लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरचं आपल्याकडचं अपील कोकण विभागीय आयुक्तांकडे, बेलापूरच्या कोकण भवनात. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नाही

यावर मला थोडं ठासून बोलायचं आहे. बंदुकीचा परवाना शस्त्र जवळ ठेवण्याचा आहे, प्राणी मारण्याचा नाही. वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर पिकाची नासाडी करत असेल तर वनक्षेत्रपालांकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. कलम ११ मध्ये उभ्या पिकाच्या नुकसानीचा विचार केलेला आहे. गवा त्या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. तो नाचणीत शिरला म्हणून त्याच्यावर बार काढणं हा गंभीर गुन्हा ठरतो, मग परवाना कितीही जुना असो. आवाजाने पळवून लावणं, पंचनामा करून भरपाई मागणं एवढंच तिथे हाती आहे. ते अपुरं वाटतं हे मान्य, कारण डोळ्यांदेखत वर्षाचं पीक जातं. पण एका गोळीने परवाना, बंदूक आणि घरातला कर्ता माणूस, तिन्ही जाऊ शकतात.

शिमग्यात पालखीपुढे किंवा लग्नात हवेत बार काढण्याचंही तसंच. २०१९ च्या सुधारणेने निष्काळजीपणे केलेल्या अशा आनंदाच्या गोळीबाराला, त्यातून माणसाच्या जिवाला धोका होत असेल तर, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे.

वडील गेल्यावर बंदुकीचं काय

सगळ्यांत जास्त घरं चुकतात ती इथे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वापरून मुलाला बंदूक हाताळता येत नाही, आणि दिवसकार्य उरकेपर्यंत, मग पाऊस संपेपर्यंत, मग गणपतीपर्यंत असं करत वर्षं उलटतात. त्या काळात ती बंदूक कायद्याच्या नजरेत विनापरवाना आहे. विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा २०१९ नंतर २ वर्षं आहे, कमाल ५. शोकातल्या घराला हे सांगणं जड जातं, तरी शेजाऱ्यापाजाऱ्याने सांगावं.

करायचं ते असं. मृत्यूची माहिती परवान्याच्या प्रतीसह पोलीस ठाण्यात लेखी द्यायची आणि बंदूक तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यायची. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि स्थिती लिहून घ्या. जुन्या बंदुकांवर क्रमांक झिजलेला असतो, तसं असेल तर तेही लिहून घ्या. मग ज्या वारसाला ती हवी आहे त्याने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. त्याला वर सांगितलेले सगळे कागद लागतातच, शिवाय मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. भावंडं मुंबईला असतील तर गणपतीत सगळे घरी येतात तेव्हा सह्या उरकून घ्याव्यात. नाहीतर एका बहिणीच्या सहीसाठी फाइल पडून राहते.

वारसाने आलेली बंदूकही दोनच्या मर्यादेत मोजली जाते. ज्याच्या नावावर आधीच दोन आहेत त्याने ती घेऊ नये; दुसऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या नावावर करावी.

वडील हयात असतानाही हे करता येतं, आणि माझ्या मते तेव्हाच करावं. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर कायदेशीर वारसाच्या नावावर परवाना देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. स्वतः वडील कार्यालयात येऊन सही करतात तेव्हा निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

माळ्यावर जुनी बंदूक सापडली आणि कागदच नाहीत, असंही होतं. ती हातात घेऊन पोलीस ठाण्यात चालत जाऊ नका. आधी रिकाम्या हाताने जा, लेखी कळवा, मग ते सांगतील तशी सोपवा.

शोभेची बंदूक आणि नेमबाज

शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये, जुन्या बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालण्यासारखं नसेल तर ते कायद्याच्या बाहेर ठेवलं आहे. फेब्रुवारी २०२० च्या नियमबदलाने संग्राह्य वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांना जवळ ठेवण्यापुरती परवान्यातून सूट दिली. ती वापरायला, सोबत बाळगायला किंवा दुसरीकडे न्यायला परवाना लागतोच. ‘जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही’ हे वाक्य इथून आलं. पण शेतात चालणारी ठासणीची बंदूक जुनी आहे म्हणून शोभेची ठरत नाही. आपली कोणत्या बाजूला बसते हे घरात ठरवू नये, परवाना शाखेला लेखी विचारावं.

त्याच नियमबदलात नेमबाजांना वेगळी वाट दिली. नामवंत नेमबाजाला एका प्रकारासाठी ८, दोन प्रकारांसाठी १० आणि त्याहून अधिक प्रकारांसाठी १२ पर्यंत शस्त्रं सवलतीत ठेवता येतात, उदयोन्मुख नेमबाजाला आपल्या प्रकारातली २. सामान्य नागरिक म्हणूनच्या दोन याहून वेगळ्या. ज्या मुलांना नुकती सुरुवात करायची आहे त्यांनी १० मीटर एअर रायफलकडे वळावं. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही.

परवाना मिळाल्यावर

मुदत आता ५ वर्षं आहे, पूर्वी ३ होती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्यावा आणि सोबत बंदूकही दाखवावी लागते. परवान्यावर विशिष्ट ओळख क्रमांक (यूआयएन) आहे ना ते आजच पाहा. तो नसलेला जुना पुस्तकी परवाना वैध धरला जात नाही. सावंतवाडी-दोडामार्गात ज्यांच्या बागा हद्दीपलीकडे गोव्यात आहेत त्यांनी परवान्यावरचं क्षेत्र वाचावं, महाराष्ट्रापुरता असेल तर बंदूक नाक्याच्या अलीकडेच ठेवावी.

निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करायचा आदेश निघतो. कोणाची जमा करायची हे छाननी समिती ठरवते, सरसकट सगळ्यांची नाही. निवडणूक भात कापणीच्या तोंडावर आली तर शेती संरक्षणाचं कारण, सातबारा आणि नुकसानीचा पंचनामा जोडून समितीकडे सवलतीचा अर्ज लगेच द्यावा. जमा करावीच लागली तर पोच जपून ठेवा आणि निकालानंतर स्वतः जाऊन बंदूक परत आणा.