घरविक्रीतील दोषकथन (मराठवाडा)

घर किंवा प्लॉट विकताना मालकाला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याच्या नजरेला सहज न येणारा दोष आधी सांगणे, म्हणजे दोषकथन. करारात वेगळे ठरले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार ही विक्रेत्याची जबाबदारी असते. दोष दडवणे कपट मानले जाते. दोष वास्तूतला असो वा मालकीहक्कातला. मात्र साध्या चौकशीत कळण्यासारखे होते, ते सांगितले नाही अशी तक्रार घेणाऱ्याला करता येत नाही.

वास्तूचा दोष इथे बहुधा काळ्या मातीतून येतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल, तर भिंतींना भेगा पडतात. विक्रीआधी त्यावर लांबी (पुट्टी) आणि रंग चढला, की त्या दिसत नाहीत. लातूर-धाराशिवच्या जुन्या दगडमातीच्या घरांबाबत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर काय डागडुजी झाली, हे विचारलेच पाहिजे.

खरा धोका कागदात असतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी नोंद अनेकदा उर्दूत सापडते. सातबारा पाहिला तरी खासरा पत्रकापर्यंत, म्हणजे जमीन कुणाच्या कब्जात होती याच्या जुन्या नोंदीपर्यंत, मागे जावे लागते. देवस्थान किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश इनाम जमीन विकण्याचा हक्क सेवेकऱ्याला नसतो. भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन विकायला शासनाची परवानगी लागते. शहरालगत अकृषिक परवाना व मंजूर लेआउट नसताना गुंठ्यांनी तुकडे विकले गेले; २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांतली काही बांधकामे नियमित झाली, सगळी नाहीत. नोटरी केलेल्या बाँडवर घेतलेल्या घराची मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. आयुष्याची कमाई अशा बाँडवर घालणाऱ्यांना हे वेळेत कुणीतरी सांगायला हवे.

बिल्डरकडून घेतलेल्या घराला रेराचे, म्हणजे स्थावर संपदा कायद्याचे, संरक्षण आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करावा लागतो; मालकीहक्कातल्या दोषाच्या भरपाईला मुदतीची आडकाठी नाही. पण जागा ५०० चौरस मीटरपेक्षा किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही, आणि तालुक्याच्या गावांतली कितीतरी अपार्टमेंट एवढीच असतात.

जुने घर एका मालकाने दुसऱ्याला विकले, तर रेरा लागू होत नाही, दिवाणी न्यायालयात जावे लागते. कपटाच्या दाव्याची मुदत ते उघड झाल्यापासून मोजतात. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा शोध) काढतात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात आणि विक्रेत्याची तोंडी हमी साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, लिहून घेतात.