गप्प बसलेला वादी : अमेरिकेतल्या सामूहिक भरपाईची पार्श्वभूमी

अमेरिकेत राहणाऱ्यांच्या टपालात अधूनमधून एक पोस्टकार्ड येतं. एखाद्या कंपनीविरुद्ध अनेकांच्या वतीने लावलेल्या एकाच दाव्यात, म्हणजे सामूहिक दाव्यात, तडजोड झाली आहे, भरपाईसाठी क्लेम (मागणीचा फॉर्म) भरा, असं ते सांगतं. वर क्लेम क्रमांक आणि पिन, खाली बारीक अक्षरांत शेवटची तारीख. बहुतेक जण ते जाहिरात समजून फेकून देतात. हा क्लेम भरायला वकील लागत नाही, कारण सगळ्यांच्या वतीने वकील आधीच उभा असतो. त्याची फी न्यायालय मंजूर करतं.

ही रीत १९६६ची. केंद्रीय न्यायालयांत सामूहिक दाव्याचा नियम २३ तसा १९३८पासून होता. पण पैशाच्या बऱ्याच दाव्यांत जो स्वतःहून नाव देई, त्यालाच निकाल लागू होई. १९६६च्या दुरुस्तीने हे उलटं केलं. 'मी बाहेर पडतो' असं कळवलं नाही, तर तुम्ही आतच. वीस डॉलरसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हे त्यामागचं समर्थन, आणि ते रास्तच आहे. गोम पुढे आहे. तडजोड मंजूर झाली की गप्प बसलेल्याचा त्या तक्रारीवर वेगळा दावा लावण्याचा हक्क संपतो. तिथे मौन ही संमती ठरते. पैसे घेताना मात्र बहुतेक तडजोडींत हे मौन चालत नाही, फॉर्म भरावाच लागतो. म्हणजे हक्कही गेला आणि पैसाही नाही. 'क्लास मेंबर' असणं, म्हणजे दाव्याच्या गटात मोडणं वेगळं आणि 'क्लेमंट' होणं, म्हणजे फॉर्म भरून पैसे मागणं वेगळं. हा फरक सूचनेत असतो, पण तो नीट वाचतो कोण?

१९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे पत्ते मिळू शकतात अशा प्रत्येकाला स्वतंत्र सूचना सक्तीची केली. २००५च्या कायद्याने कूपनवाल्या तडजोडींना लगाम घातला. वकिलांना रोख आणि ग्राहकाला पुढच्या खरेदीवर सूट, असा तो प्रकार होता. २०१८पासून नियमानेच ईमेलला मुभा दिली, आणि सूचना स्पॅममध्ये जाऊ लागल्या.

२०१९मध्ये एका सरकारी अभ्यासात, सूचना मिळालेल्यांपैकी क्लेम भरणाऱ्यांचं मध्यक प्रमाण ९ टक्के निघालं, म्हणजे निम्म्या प्रकरणांत ते याहून कमी होतं. त्याच वर्षी इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती फुटल्याच्या प्रकरणात १२५ डॉलरपर्यंत रोख मिळण्याचा पर्याय गाजला. त्यासाठी राखीव रक्कम होती ३ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे पूर्ण १२५ मिळू शकले असते जेमतेम २ लाख ४८ हजार जणांना. मागणी इतकी आली की रोख रकमेऐवजी फुकट क्रेडिट-देखरेख (आपल्या नावावरच्या कर्जनोंदींवर नजर ठेवणारी सेवा) घ्या, असं नियामकालाच सांगावं लागलं. रोख मागणाऱ्यांकडून मग, तुमच्याकडे अशी सेवा आधीच आहे का, तिचं नाव काय, याची खातरजमा मागण्यात आली.