आर्क आणि ई-आर्क: पोर्ट तोच, मग फरक नेमका कुठे?

टीव्हीच्या मागे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असतात. त्यातल्या एकाशेजारी बारीक अक्षरांत ‘आर्क’ किंवा ‘ई-आर्क’ छापलेलं असतं. साउंडबार किंवा रिसीव्हर (वेगवेगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) तिथेच जोडायचा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गोंधळ पुढे होतो. दोन्ही पोर्ट दिसायला सारखे, केबलही सारखीच, तरी दुकानात ‘ई-आर्कवालाच घ्या’ असा आग्रह होतो आणि बिल वाढतं. काही घरांत हे पैसे पुरते वसूल होतात, बऱ्याच घरांत होत नाहीत. तुमचं घर कोणतं, हे टीव्हीला काय-काय जोडलंय त्यावरून कळतं.

एचडीएमआयची वायर मुळात प्लेअरकडून किंवा सेटटॉप बॉक्सकडून चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत आणते. टीव्हीमध्येच ओटीटी अ‍ॅप आली, तेव्हा आवाज टीव्हीतून बाहेर काढून स्पीकरपर्यंत न्यायची पाळी आली. त्यासाठी वेगळी ऑप्टिकल केबल लावावी लागे. 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आर्क, म्हणजे ‘ऑडिओ रिटर्न चॅनल’, आलं आणि त्याच वायरीतून आवाज परत आणायची सोय झाली. पण क्षमता जवळपास ऑप्टिकलएवढीच राहिली: एकतर दोन चॅनलचा पीसीएम, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला कच्चा आवाज, नाहीतर कॉम्प्रेस केलेला 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा आवाज. एक भर मात्र मोलाची पडली. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल प्लस हा कॉम्प्रेस केलेल्या आवाजाचा सुधारित प्रकार जात नाही, आर्कमधून जाऊ शकतं.

आज ही भर फार कामाची आहे, कारण ओटीटीवरचा डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा सराउंड आवाज, साधारणपणे डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बांधून येतो. म्हणून ‘अ‍ॅटमॉस हवं तर ई-आर्क लागतंच’ हे सरसकट खरं नाही. टीव्हीतल्याच अ‍ॅपवर सिनेमे बघणाऱ्या घरात साध्या आर्कवरही अ‍ॅटमॉस वाजतं. टीव्ही तो सिग्नल न मोडता पुढे सोडत असला, म्हणजे झालं.

ई-आर्क, म्हणजे आर्कची सुधारित आवृत्ती, 2017 च्या एचडीएमआय 2.1 बरोबर आलं. त्यातून सेकंदाला 37 मेगाबिटपर्यंत आवाज जाऊ शकतो. म्हणजे आठ चॅनलचा अजिबात कॉम्प्रेस न केलेला पीसीएम, शिवाय ब्लू-रे डिस्कवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दर्जा न घटवणारे प्रकार. टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीएमआय 2.1’ असं लिहिलेलं पाहून निर्धास्त होऊ नका, कारण त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. ई-आर्क आहे की नाही, हे स्पेसिफिकेशनमध्ये वेगळं शोधायचं. उलट, एचडीएमआय 2.1 च्या बाकी सोयी नसलेल्या टीव्हीतही ते सापडतं.

फरक कुठे जाणवतो, ते टीव्हीला जोडलेल्या वस्तूंवरून बघू. फायर टीव्ही स्टिक 4के अ‍ॅटमॉस पाठवते ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, आणि ते आर्कमधून निघून जातं. अ‍ॅपल टीव्ही 4के तोच सिनेमा उलगडून, जड पीसीएमच्या रूपात पाठवतो. तो आर्कमध्ये मावत नाही, त्यामुळे तिथे ई-आर्कच हवं. प्लेस्टेशन 5 लिनिअर पीसीएमवर ठेवून टीव्हीला जोडला, तर आर्कवरून फक्त स्टिरिओ पोचतो आणि मागचे स्पीकर गप्प. त्याच्या सेटिंगमध्ये डॉल्बी निवडलं की 5.1 येतो. ब्लू-रे प्लेअर असेल तर ई-आर्कला पर्याय नाही, असं वाटेल. पण तो टीव्हीऐवजी थेट एव्ही रिसीव्हरला जोडता येतो. मग आवाज रिसीव्हरमध्येच उतरतो आणि टीव्हीकडे फक्त चित्र जातं. रिसीव्हर घेणाऱ्याने सगळे बॉक्स आधी रिसीव्हरला जोडावेत आणि आर्क टीव्हीतल्या अ‍ॅपपुरतं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ई-आर्कची खरी गरज पडते ती बहुतेक साउंडबारवाल्यांना, कारण बारला एखाद-दुसरंच इनपुट असतं आणि सगळं टीव्हीतूनच फिरवावं लागतं.

नवा टीव्ही घेण्याआधी आहे त्या टीव्हीचं साउंड आउटपुट सेटिंग उघडून बघा. ‘डिजिटल ऑडिओ आउट’ किंवा तशाच नावाखाली पीसीएम, ऑटो, पासथ्रू (सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणं) असे पर्याय दिसतील. पीसीएम निवडलेलं असेल तर आर्कवरून दोनच चॅनल जाणार, मग हॉलमध्ये पाच स्पीकर असोत की सात. ते पासथ्रू किंवा ऑटो करा, 5.1 चा सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या पुढच्या डिस्प्लेकडे नजर ठेवा. ‘पीसीएम’ जाऊन ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ किंवा ‘अ‍ॅटमॉस’ अशी अक्षरं उमटली, की मागच्या स्पीकरमधून पाऊस ऐकू यायला लागतो. हे बघताना रिसीव्हरचा सराउंड मोड ‘ऑल चॅनल स्टिरिओ’वर नसावा. त्या मोडमध्ये सगळ्याच स्पीकरमधून आवाज येतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

आर्क सीईसीवर, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करतात त्या सोयीवर, अवलंबून असतं. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बॉक्स आपोआप चालू होतात म्हणून वैतागून कुणी ते बंद केलं, की आर्कचा आवाजही जातो. ई-आर्क स्वतःची ओळखपाळख स्वतंत्रपणे करतं, त्यामुळे तिथे सीईसी बंद असलं तरी आवाज चालू राहायला हवा; टीव्हीच्या रिमोटने व्हॉल्यूम मात्र बदलणार नाही. ओठांची हालचाल आणि संवाद जुळवण्याची आपोआप दुरुस्ती ई-आर्कमध्ये सक्तीची आहे, आर्कमध्ये ऐच्छिक. आर्कवर संवाद पुढे-मागे होत असतील, तर रिसीव्हरच्या लिपसिंक सेटिंगमध्ये मिलिसेकंद थोडे-थोडे बदलत बघावे लागतात.

केबलवर हजारो रुपये घालवायची गरज नाही. इथरनेटसह हाय स्पीड प्रकारची चांगली एचडीएमआय केबल ई-आर्कलाही पुरते. अपवाद आहे तो भिंतीतल्या पाइपातून लांबवर नेलेल्या फायबरच्या एचडीएमआय केबलचा. तिला दिशा असते, कोणतं टोक टीव्हीकडे ते तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक फायबर केबल ई-आर्क नेतेच असं नाही. पीओपी आणि रंगकाम उरकण्याआधी ती दोन्हीकडे जोडून, अ‍ॅटमॉसचा सिनेमा लावून तपासून घ्या.