ज्यूरीची चिठ्ठी : मागून घेतलेला आणि टाळता टाळता गेलेला हक्क

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि काही महिन्यांतच ज्यूरीसाठी, म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्यासाठी, कोर्टाचं समन्स आलं. फोनवर तिच्या आवाजात धास्ती होती. ऑफिसात काय सांगू, मुलांना शाळेतून कोण आणेल, इंग्रजीतले कायद्याचे शब्द कळतील का, आणि माझ्या 'हो'वर एखादा माणूस तुरुंगात गेला तर? शेवटी तिनं विचारलं, "आपल्याकडे कधी होतं का रे असं?"

होतं. मुंबईत तर चांगलं सव्वाशे वर्षांहून अधिक काळ होतं. पण हा विषय काढला की आपल्याकडे एकच नाव पुढे येतं, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी. ज्यूरीनं त्यांना सोडलं, म्हणून सरकारनं ज्यूरीच बंद केली, असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. आणि या सोप्या गोष्टीमुळे खरी गोष्ट झाकली जाते. ज्यूरीत बसणं हा आपल्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून मिळवलेला मान होता. तो पुढे नकोसा कसा झाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

चार शहाण्यांनी बसून निवाडा करणं आपल्याला नवं नव्हतं. मराठेशाहीत गोतसभा बसे, वतनाचे तंटे ऐके आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहून देई. मात्र गोतसभेतली माणसं दोन्ही पक्षांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत, आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं ते त्या ओळखीमुळेच. इंग्रजी ज्यूरीत ज्याची ओळख निघेल त्याला बाजूला करतात. हा फरक लहान नाही. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं पंचायत टिकवायचा प्रयत्न केला, पण 1819च्या त्याच्या अहवालातही पंचायतीचं काम रेंगाळतं ही तक्रार आहेच. घरचं काम टाकून दुसऱ्याच्या भांडणात बसायचा कंटाळा तेव्हाही होता.

ज्यूरी आली ती कंपनीच्या शहरांत, गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी आणलेली. कलकत्त्यात 1775 साली महाराजा नंदकुमारांना फाशी झाली, तेव्हा ज्यूरीत बारा जण होते आणि सगळे युरोपियन. 1826च्या कायद्यानं हिंदी माणसाला ज्यूरीत बसता येईल असं ठरलं, पण त्यात खोच होती. आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्यूरीही ख्रिस्तीच हवी, आणि खटला चालवण्याजोगा आहे का हे आधी ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीत तर हिंदू, मुसलमान, पारशी यांना जागाच नाही. म्हणजे ख्रिस्ती माणूस हिंदूचा निवाडा करणार, हिंदूनं मात्र ख्रिस्त्याचा करायचा नाही. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला. मुंबईतून जगन्नाथ शंकरशेठ आणि पारशी शेटियांनी तो प्रश्न लावून धरला. 1832मध्ये पार्लमेंटनं ती अट काढली आणि त्याच कायद्यानं हिंदी माणसांना जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे मानद दंडाधिकारी, होण्याची वाटही मोकळी केली. ज्यूरीतली जागा म्हणजे बरोबरी, हे या मंडळींना नेमकं कळलं होतं.

1861च्या फौजदारी संहितेनं ज्यूरी मोफसलातही, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या जिल्ह्यांतही, येऊ शकली. पण कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या गुन्ह्यांसाठी, हे प्रांतिक सरकारनं ठरवायचं होतं. बाकी ठिकाणी न्यायाधीशाशेजारी असेसर बसत. त्यांचं मत विचारलं जाई, पण ते न्यायाधीशाला बांधील नसे. दिवसभर बसून दिलेलं मत वाऱ्यावर जाणार हे माहीत असताना कोण मनापासून बसेल?

ज्यूरीत कोणाला बोलावत, हेही पाहण्यासारखं आहे. 1898च्या संहितेत 21 ते 60 वयाचे पुरुष पात्र होते. सत्र न्यायाधीश आणि कलेक्टर मिळून यादी करत आणि ती लोकांना पाहता यावी म्हणून लावली जाई. त्यातून बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष खटल्यासाठी कोण, ते चिठ्ठ्या काढून ठरे. वकील, डॉक्टर, पुजारी, टपाल-तारेतले नोकर अशा बऱ्याच जणांना सूट होती. समन्स मिळूनही सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं तर 100 रुपयांपर्यंत दंड, तो भरला नाही तर 15 दिवस दिवाणी तुरुंग. त्या काळचे 100 रुपये म्हणजे कारकुनाच्या कितीतरी महिन्यांचा पगार. जो मान म्हणून मागितला, तो दंडाच्या धाकानं पाळायचं काम होऊन बसला.

त्यातच 1897 आणि 1908 या दोन सालांनी मराठी मनावर कायमचा ओरखडा काढला. 1897मध्ये टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. कौल आला सहा विरुद्ध तीन, दोषी. 1908ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला चालला. सरकारनं स्पेशल ज्यूरी, म्हणजे निवडक लोकांच्या वेगळ्या यादीतली ज्यूरी, मागितली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी तिला विरोध केला. मुद्दा साधा होता. स्पेशल ज्यूरीत युरोपियनांचा भरणा होणार आणि त्यांना मराठी येणार नाही. ज्या लेखांवर खटला, ते मराठीत, केसरीतले. तरी स्पेशल ज्यूरीच बसली, सात युरोपियन आणि दोन पारशी.

टिळकांनी स्वतः बाजू मांडली, एकवीस तासांहून जास्त. सरकारी भाषांतरातल्या शब्दांवर ते पुन्हा पुन्हा आले. त्यांचं म्हणणं होतं की वाक्य मराठीत जे सांगतं, ते इंग्रजीत उतरताना वेगळंच झालं. सात-नऊ मराठी वाचक जागेवर असते तर हा वाद बहुधा उद्भवलाच नसता. तरीही टिळकांनी ज्यूरीला झिडकारलं नाही. इंग्लंडमध्ये 1792च्या कायद्यानं अशा खटल्यांत अंतिम कौल ज्यूरीच्या हाती दिला होता, त्याचा त्यांनी दाखला दिला आणि ज्यूररांना सांगितलं की वृत्तपत्र-स्वातंत्र्याचे राखणदार तुम्ही आहात. मला तो भाग वाचताना दर वेळी थांबायला होतं. समोर बसलेल्यांपैकी सात जण आपली भाषा जाणत नाहीत हे माहीत असून त्या माणसानं त्यांच्यातल्या नागरिकाला हाक मारली. 22 जुलैच्या रात्री कौल आला सात विरुद्ध दोन. दोघा पारशांनी दोषी म्हटलं नाही. त्या दोघांची आठवण आपण फार कमी काढतो. न्यायमूर्तींनी बहुमताचा कौल मान्य करून सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि गिरणी कामगारांनी मुंबई बंद पाडली. ज्यूरीचा कौल काहीही असो, मी निर्दोष आहे, हे टिळकांचे शब्द आज मुंबई हायकोर्टात संगमरवरी फलकावर आहेत. 1956 साली न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते तो बसला.

सरकारनंही धडा घेतला, पण उलटा. दोन जण का होईना, विरोधात गेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीला झालेल्या कायद्यानं काही राजकीय खटले ज्यूरीशिवाय तीन न्यायमूर्तींपुढे चालवायची सोय केली. 1910चा नाशिक कटाचा खटला असाच चालला. 1919च्या रौलट कायद्यातही तेच. म्हणजे लोकांनी ज्यूरीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न यायच्या आधी सरकारनंच तो काढून घेतला होता.

स्वातंत्र्यानंतर गोरे गेले. यादीत आपलीच माणसं उरली. पण सवय गेली नव्हती. ज्याला धंदा-नोकरी आहे तो सूट शोधायचा, आणि जो सुटू शकत नाही तो दिवस मोजायचा. जातीचा माणूस जातीच्या माणसाला सोडवेल, पैसे चारले जातील, वर्तमानपत्र वाचून मत आधीच बनलेलं असेल, हे संशय होतेच. 1955मध्ये असेसरांची पद्धत बंद झाली. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं 1958च्या अहवालात ज्यूरीही बंद करावी अशी शिफारस केली. नानावटींनी गोळी झाडली ती 27 एप्रिल 1959ला, म्हणजे शिफारस झाल्यावर.

त्या खटल्यात बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या नऊ जणांनी आठ विरुद्ध एक असा निर्दोषपणाचा कौल दिला. 'ब्लिट्झ' साप्ताहिक उघडपणे नौदलाच्या या अधिकाऱ्याच्या बाजूनं उभं होतं. न्यायाधीशांना कौल पटला नाही आणि त्यांनी फौजदारी संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. ही पाठवणीची सोयही जुनीच होती, नानावटींसाठी काढलेली नव्हे. मार्च 1960मध्ये हायकोर्टानं जन्मठेप दिली, नोव्हेंबर 1961मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. ज्यूरीला कायदा नीट समजावून सांगितला गेला नव्हता, हा हायकोर्टाच्या निकालातला मोठा भाग होता. म्हणजे चूक निदान अर्धी तरी सांगणाऱ्याची होती. लोकांच्या लक्षात मात्र भोळे, भावनेच्या आहारी गेलेले नऊ जण तेवढे राहिले.

यानंतरही ज्यूरीपुढे खटले चालले आहेत. बंगालसारख्या ठिकाणी साठच्या दशकातही ती होती. 1973च्या नव्या फौजदारी संहितेत मात्र ज्यूरीचं प्रकरणच नव्हतं आणि 1 एप्रिल 1974ला ती लागू झाली. शंकरशेठांच्या पिढीनं ज्यासाठी लंडनपर्यंत अर्ज धाडले, ते जाताना एक मोर्चा निघाला नाही. मला याचं वाईट वाटतं. ज्यूरी परत आणावी असं माझं म्हणणं नाही, तिचे दोष खरेच होते. पण परक्याच्या निवाड्यासाठी आपला दिवस द्यायची वेळ सामान्य माणसावर यायची, ती कायमची गेली.

आतेबहीण समन्सच्या दिवशी डबा घेऊन गेली. दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि तिचा नंबर न लागताच घरी पाठवलं. तिनंच मला विचारलं, मग आता आपल्याकडे काहीच उरलं नाही का? एक खुणेची जागा उरली आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, 1936 अजून लागू आहे आणि मुंबईत पारशी जोडप्याचा घटस्फोटाचा दावा आला की न्यायमूर्तींच्या बरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. कायद्याचा मुद्दा न्यायमूर्ती ठरवतात. कोण खरं बोलतंय, काय घडलं, हे प्रतिनिधी बहुमतानं ठरवतात.