कॉम्प्युटर इंजिनिअरिंग : ऑप्शन फॉर्म भरायला येण्याआधी एवढं वाचा

सीईटीचा निकाल लागला की कराडच्या आमच्या फॉर्म भरून देणाऱ्या काउंटरवर रोज एकच वाक्य ऐकू येतं : "कॉम्प्युटरला चांगलं आणि परवडणारं कॉलेज बघून तुम्हीच टाका की, दादा." टाकायला वेळ लागत नाही. पण फी तुम्ही भरणार आणि चार वर्षं तिथे तुमचा मुलगा किंवा मुलगी काढणार. म्हणून ऑप्शन फॉर्ममधल्या कॉलेजांच्या यादीचा क्रम आम्ही ठरवून देत नाही. यावरून काही पालक नाराज होतात, त्यांच्यासाठीच हा कागद.

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या नंबरची. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून "हे तर मिळणारच" असं कॉलेज पहिलं टाकतात आणि मनातलं पाचव्या-सहाव्या नंबरवर ढकलतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "वरचं अवघड टाकलं आणि हुकलं, तर हातचंही जायचं." तसं होत नाही. जागावाटपात प्रत्येकाची यादी वरून खाली तपासली जाते. पुण्याचं सीओईपी पहिलं टाकलं आणि नाही मिळालं, तर दुसरं पाहिलं जातं, मग तिसरं. आठव्या नंबरचं कॉलेज तुम्हाला मिळणार की नाही हे मेरिट नंबरावर ठरतं. ते आठवं लिहिलं म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. उलट हमखासवालं पहिलं टाकलं, तर तेच मिळतं आणि तिथेच अडकायला होतं. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला, की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होत होती आणि पुढच्या फेऱ्या बंद. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत बघून घ्या. एकदा फ्रीझ झालं की आमच्याकडे कितीही हेलपाटे मारले तरी आम्ही काही करू शकत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा, की यादीच्या वरच्या सहा ओळींत फी न पाहता एकही कॉलेज नको. मुलानं मित्रांचं ऐकून पुण्याचं खासगी कॉलेज पहिलं टाकायचं आणि ते मिळाल्यावर वडिलांनी आकडा विचारायचा, हे दर जुलैत होतं. आकडा फक्त फीचा धरू नका. कॉटबेसिसची खोली, मेस आणि येणं-जाणं धरून चार वर्षांची बेरीज करा. सांगलीचं वालचंद, आपल्या विद्यानगरचं शासकीय कॉलेज आणि पुण्यातलं नावाजलेलं खासगी कॉलेज असे तीन रकाने शेजारीशेजारी मांडले, की घरातला निम्मा वाद तिथेच मिटतो. शासकीयला आयटी मिळत असेल तर "कॉम्प्युटर नाही" म्हणून लगेच फुली मारू नका. सॉफ्टवेअर कंपन्या दोन्ही शाखांची मुलं घेतात.

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, तीच खरी धरा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागांचे पर्याय जरूर टाका. त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला, आणि तो वेगळी ओळ म्हणून भरावा लागतो. बरेच जण नेमकं तेच विसरतात. त्यात ट्यूशन फी माफ होते; डेव्हलपमेंट आणि बाकीची फी भरावीच लागते. खुल्या गटातल्या मुलांना याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळते. २०२४ पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण या सवलती कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच. "आत्ताच सीट बुक करा, नंतर मिळणार नाही" असा फोन आला तर ती जागा बहुधा इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, किंवा खासगी विद्यापीठाची असते, आणि तिथे यातलं काही लागू होत नाही. पैसे भरण्याआधी आम्हाला एक फोन करा, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

दर्जाचं म्हणाल तर गेटवरच्या फ्लेक्सवरचं सर्वात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. मधल्या मुलाला किती मिळाले ते विचारा. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीला दिलेल्या माहितीत मध्यक पगार असतो आणि ती माहिती कॉलेजच्या संकेतस्थळावर सापडते. नॅकचं मानांकन संपूर्ण संस्थेचं असतं, एनबीएचं एकेका शाखेचं, त्यामुळे कॉम्प्युटरला एनबीए आहे का ते बघा. २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने जागांवरची कमाल मर्यादा काढल्यावर बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. शिक्षक त्या प्रमाणात वाढले का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारलेलं बरं.

येताना विद्यार्थ्याला आणि ओटीपी येणारा मोबाइल सोबत आणा. शेवटचं बटण आम्ही त्याच्याच हातून दाबून घेतो. नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखल्याची मुदत घरीच तपासा. तहसीलमध्ये फॉर्म भरायच्या आठवड्यात गर्दी असते. आम्ही कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही, म्हणून आमचा फॉर्मचा दर कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा थोडा जास्त आहे. त्यात चार वर्षांच्या हिशेबाचा छापील तक्ता आणि प्रवेशानंतर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा पहिला अर्ज येतो. तक्ता आधीच घेऊन जा, घरी बसून पेन्सिलीने भरा आणि मग या. शेवटच्या तारखेला संध्याकाळी साइट मंद असते, आणि त्या दिवशी नवीन यादी आम्ही घेत नाही.