टार्टनचा आशीर्वाद: एका तरुण उपासनेची जुनी पार्श्वभूमी

दरवर्षी ६ एप्रिल किंवा ३० नोव्हेंबरच्या आसपासच्या एखाद्या रविवारी अमेरिकेतल्या कितीतरी प्रेसबिटेरियन, म्हणजे वडीलजनांच्या सभेने चालणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये बॅगपाइप वाजत आत येतो. त्याच्या मागे ढोल आणि ढोलांच्या मागे काठीला आपापल्या कुळाचं चौकड्यांचं कापड लावून चालणारी माणसं असतात. कॅम्पबेल, मॅकडोनाल्ड, फ्रेझर, स्ट्युअर्ट अशी एकेक नावं पुकारली जातात आणि ज्याचं नाव येईल ते घराणं बाकावरून उठून उभं राहतं. कुणी पूर्ण किल्टमध्ये, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या चुणीदार घागऱ्यात असतो, कुणाच्या गळ्यात नुसता त्या नक्षीचा टाय, एखाद्या आजीच्या खांद्यावर रिबिनीएवढी पट्टी. मग पाळक आशीर्वाद मागतात, शंभरावं स्तोत्र होतं, उपदेश होतो आणि नंतर हॉलमध्ये चहा आणि शॉर्टब्रेड. या उपासनेला 'कर्किन ओ' द टार्टन' म्हणतात. कर्क म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत चर्च आणि टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं कापड.

६ एप्रिल हा १३२० सालच्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्याचा दिवस. स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला पत्र लिहून आपलं राज्य स्वतंत्र असल्याचं ठणकावलं, तो हा दिवस. ३० नोव्हेंबर हा स्कॉटलंडचा रक्षक संत अँड्र्यू याचा सण.

या उपासनेसोबत एक कथा सांगितली जाते. १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर जेकबाइट सैन्याचा, म्हणजे गादीवरून हाकललेल्या स्ट्युअर्ट घराण्यासाठी बंड करणाऱ्यांचा, पराभव झाला, इंग्रज सरकारने हायलँडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, लोकांना टार्टन घालायची बंदी केली, तेव्हा लोक कपड्यांच्या आत टार्टनचा तुकडा लपवून चर्चला जात आणि पाळक आशीर्वाद उच्चारत असताना हळूच त्याला हात लावत. अशा रीतीने त्या कापडाला गुपचूप आशीर्वाद मिळे. ऐकताना अंगावर काटा येतो आणि म्हणूनच ती टिकली. पण त्या काळातल्या कुठल्याही कागदात तिचा आधार सापडलेला नाही. ज्यांना ही उपासना प्रिय आहे त्यांनी खरा इतिहासही तितक्याच प्रेमाने सांगायला हवा असं मला वाटतं, कारण तो या कथेपेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे आणि जास्त माणसाचा आहे.

बंदी खरी होती. १६ एप्रिल १७४६ ला कलोडन झालं आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या कुठल्याही पुरुषाने किंवा मुलाने प्लेड (अंगाभोवती गुंडाळायचं घोंगडीसारखं लांब वस्त्र), छोटा किल्ट, खांद्याचे पट्टे घालायचे नाहीत, वरच्या कोटालाही टार्टन वापरायचं नाही. पहिल्यांदा सापडलं तर जामीन न मिळता सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापार वसाहतीत रवानगी. कायद्यातून दोन मोठे गट सुटले होते. एक म्हणजे स्त्रिया, त्यांना ही बंदी लागूच नव्हती. दुसरे राजाच्या सैन्यातले शिपाई. ज्या कापडासाठी घरी तुरुंग होता तेच कापड हायलँड पलटणीत भरती झालं की गणवेश म्हणून अंगावर येई. हा कायदा १ जुलै १७८२ ला रद्द झाला.

कथेचा धागा तुटतो तो चर्चपाशी. हे दुखरं असलं तरी टाळता येत नाही. स्कॉटलंडचं राष्ट्रीय चर्च, म्हणजे प्रेसबिटेरियन कर्क, त्या बंडात सरकारच्या बाजूचं होतं. १६९० मध्ये कर्कची प्रेसबिटेरियन घडी पक्की झाली ती ज्या राज्यक्रांतीमुळे, तिने हाकललेल्या स्ट्युअर्ट घराण्याला परत आणायला जेकबाइट उठले होते. त्यांच्यात एपिस्कोपल, म्हणजे बिशप मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, आणि कॅथलिक लोकांचा भरणा मोठा होता. १७४५ मध्ये कर्कचे बहुतेक पाळक राजा जॉर्जच्या बाजूने उपदेश करत होते आणि काही जण सरकारला बातम्याही पुरवत होते. कलोडननंतर सैनिकांनी एपिस्कोपलांची प्रार्थनाघरं जाळली. तेव्हा हरलेला जेकबाइट छातीशी टार्टन लपवून ज्या पाळकाच्या आशीर्वादाची वाट पाहतोय, तो पाळक प्रेसबिटेरियन असण्याची शक्यता फार कमी. उलट अनेक हायलँडर, विशेषतः आर्गाइलचे कॅम्पबेल, कलोडनला सरकारकडून लढले होते. आज ज्या रांगेत कॅम्पबेल आणि कॅमेरन यांची निशाणं शेजारी चालतात, ती रांग त्या दिवशी समोरासमोर उभी होती.

कर्कचं प्लेडशी भांडण त्याहून जुनं आहे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर उपासनेतून सगळी आरास काढून टाकायची, देवाच्या वचनात जे सांगितलंय तेवढंच ठेवायचं, हा स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्सच्या परंपरेचा कणा. मूर्ती गेल्या, मेणबत्त्या गेल्या, वाद्यं गेली. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या कर्क सेशनने, म्हणजे पाळक आणि वडीलजनांच्या सभेने, प्लेड डोक्यावरून घेऊन उपदेशाला बसणाऱ्या बायकांना ताकीद दिली, कारण त्या आडोशात त्या खुशाल झोपत. १६४३ मध्ये अँगसमधल्या मोनिफीथच्या सेशनने आपल्या बीडलला, म्हणजे चर्चच्या चाकराला, डांबर विकत घ्यायला पैसे दिले. कशासाठी, तर चर्चमध्ये डोक्यावर प्लेड धरणाऱ्या बायकांना ते फासायला. त्या सेशनच्या वडीलजनांना सांगितलं असतं की तीनशे वर्षांनी तुमच्याच पंथाची माणसं हेच कापड वाजतगाजत वेदीपर्यंत नेतील, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली असती.

वाद्यांचंही तेच. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये प्रीसेंटर, म्हणजे गाण्याचा म्होरक्या, स्तोत्राची ओळ आधी गाई आणि मंडळी ती पकडे. हेब्रिडीज बेटांवर गेलिक या हायलँडच्या जुन्या भाषेत ही पद्धत आजही जिवंत आहे आणि ते गाणं ऐकताना वाटतं की समुद्रच उठून गातोय. एडिंबरातल्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये पाळक रॉबर्ट ली यांनी १८६० च्या दशकात ऑर्गन आणला तर मोठा वाद पेटला. मग बॅगपाइप तर फारच दूर.

आता कुळाच्या टार्टनबद्दल. कापड पुरातन आहे यात शंका नाही. फॉलकर्कजवळ रोमन नाण्यांच्या मडक्याबरोबर सापडलेला तिसऱ्या शतकातला लोकरी चौकड्यांचा तुकडा एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. न रंगवलेल्या काळसर आणि फिक्या लोकरीचा तो साधा तुकडा. ग्लेन अॅफ्रिकच्या दलदलीत सापडलेला तुकडा साधारण १६ व्या शतकातला. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन या हेब्रिडीजच्याच माणसाने लिहिलं की प्लेड पाहून माणूस कुठल्या बेटाचा ते सांगता येतं. लुगड्याच्या काठावरून गाव ओळखावं तसं. त्याने बेट म्हटलं, कुळ म्हटलं नाही. विणकर तिथेच राहणारा, रंग तिथल्याच दगडफुलाचे आणि मुळांचे, म्हणून नक्षी मुलखाची. कलोडनच्या लढाईवर डेव्हिड मोरियेने काढलेल्या चित्रात हायलँडर उभे आहेत, एकेकाच्या अंगावर वेगवेगळ्या नक्ष्या आहेत आणि कुळाचा एकसारखा गणवेश कुठेच नाही.

कुळाला एक नक्षी ही गाठ बसली बंदी उठल्यावर, आणि बरीचशी गिरणीत बसली. स्टर्लिंगजवळच्या बॅनकबर्न गावी विल्सन घराण्याचा विणकामाचा कारखाना होता आणि तो आधी पलटणींना कापड पुरवी. त्यांच्या वहीत नक्ष्यांना क्रमांक असत, मग गिऱ्हाइकांच्या सोयीने नावं पडत गेली. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये कुळप्रमुखांकडून आपापल्या टार्टनचे नमुने मागवायचं ठरवलं, तेव्हा लॉर्ड मॅकडोनाल्ड यांनी उत्तर दिलं की मॅकडोनाल्डांचं टार्टन नेमकं कोणतं ते मला खरोखरच माहीत नाही. मॅकफर्सन कुळाला जी नक्षी मिळाली तीच आधी 'किड' नावाने विकली जात होती, कारण किड नावाच्या गृहस्थांनी वेस्ट इंडिजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी ती घाऊक मागवली होती. वारशाचा अभिमान बाळगताना ही ओळ गाळू नये. स्कॉटलंडची समृद्धी कुठून आली याचा एक धागा तिथे दिसतो.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळा समारंभ आखला, सरदारांना आपापल्या कुळाच्या टार्टनमध्ये यायला सांगितलं आणि विल्सनांच्या मागांना उसंत मिळेना. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा दाखला देत कुळांच्या नक्ष्यांचा देखणा ग्रंथ काढला. हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातल्या कितीतरी नक्ष्या आज खऱ्या मानाने अंगावर आहेत. मला यात फसवणुकीपेक्षा भूक जास्त दिसते. त्याच काळात हायलँडची खोरी मेंढ्यांसाठी रिकामी केली जात होती, माणसं जहाजात बसून कॅनडाला, कॅरोलिनाला, ऑस्ट्रेलियाला जात होती. घर गेलं, गेलिक एक-दोन पिढ्यांत गेली, आडनाव उरलं. आडनावाला जोडलेलं कापड मिळालं तर माणूस ते का नाकारेल?

ही उपासना या स्थलांतरितांच्या पोटी जन्मली. तिचा जनक पीटर मार्शल. जन्म १९०२, ग्लासगोच्या पूर्वेकडचं कोटब्रिज, म्हणजे लोखंडाच्या भट्ट्यांचं, दक्षिणेकडच्या सखल लोलँडमधलं गाव. १९२७ मध्ये तो अमेरिकेला गेला, जॉर्जियातल्या कोलंबिया सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, शिकला, अटलांटात पाळक झाला आणि १९३७ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यूयॉर्क अॅव्हेन्यू प्रेसबिटेरियन चर्चमध्ये आला. हे अब्राहम लिंकन ज्या मंडळीत उपासनेला जात ते चर्च. मार्शलचा उपदेश ऐकायला गर्दी लोटे. पुढे १९४७ पासून १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो अमेरिकी सिनेटचा चॅप्लेन, म्हणजे तिथे प्रार्थना घेणारा पाळकही होता.

१९४१ च्या वसंतात ब्रिटन एकटं लढत होतं आणि अमेरिका अजून युद्धाबाहेर होती. मार्चच्या मध्यात दोन रात्री जर्मन विमानांनी क्लाइडबँक भाजून काढलं. ग्लासगोच्या पश्चिमेचं जहाजबांधणीचं ते गाव, शेकडो माणसं गेली आणि शाबूत घर शोधावं लागे. वॉशिंग्टनमधल्या स्कॉट लोकांची सेंट अँड्र्यूज सोसायटी ब्रिटनच्या मदतीसाठी निधी जमवत होती आणि मार्शल त्यासाठी खास उपासना घेत होता. एप्रिलमधल्या अशाच एका उपासनेत कुळांची टार्टन पुढे आणली गेली आणि त्याच्या उपदेशाचं शीर्षक होतं 'द कर्किन ओ' द टार्टन्स'. स्कॉटलंडच्या जुन्या शहरांत निवडून आलेली नगरसभा पहिल्या रविवारी रांगेने चर्चला जाते, तिला काउन्सिलचं कर्किंग म्हणतात. नवविवाहित जोडप्याचंही कर्किंग होई. चर्चमध्ये नेऊन देवापुढे उभं करायचं, एवढाच त्याचा अर्थ. मार्शलने तोच साचा कापडाला लावला असं दिसतं.

पुढे वॉशिंग्टनची वार्षिक उपासना राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये गेली, जे एपिस्कोपल पंथाचं आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रँडफादर माउंटनवर १९५६ पासून हायलँड खेळ भरतात, तिथे रविवारी सकाळी डोंगराखाली उघड्यावर टार्टनची उपासना होते. १९९८ मध्ये अमेरिकी सिनेटने ६ एप्रिल हा टार्टन दिवस मानला आणि चर्चच्या दिनदर्शिकेत या रविवाराला हक्काची जागा मिळाली. ऑस्ट्रेलियात टार्टन दिवस १ जुलैला असतो, बंदी उठली त्या तारखेला. खुद्द स्कॉटलंडमध्ये ही प्रथा परदेशातून आलेली पाहुणी आहे.

म्हणूनच मुंबईच्या स्कॉट मंडळींनी हे इथे आणलं नाही. काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज कर्क १८१९ चं. मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला उतरले. ते लॉडरचे, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या लोलँडचे. त्यांच्यामागे आले ते स्तोत्र, शाळा, छापखाना, विल्सन कॉलेज आणि मराठीचा कसून अभ्यास. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री याच प्रेसबिटेरियन परंपरेतले, त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. विल्सनांच्या पिढीच्या लेखी स्कॉटिश असणं म्हणजे बायबल वाचता येणं, आणि टार्टन हे दुसऱ्याच मुलखाचं होतं.

आज या उपासनेपुढचा खरा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. प्रेसबिटेरियन परंपरेत आशीर्वाद माणसांना असतो, वस्तूंना नसतो. म्हणून जाणते पाळक प्रार्थनेची रचना जपून करतात. कापड हातात धरून ते देवाचे आभार मानतात, पूर्वजांसाठी आणि समोर उभ्या असलेल्या कुटुंबांसाठी, आणि आशीर्वाद मागतात तो त्या कुटुंबांवर. काही मंडळ्यांत कुळांची नावं झाली की ज्यांचे पूर्वज स्कॉटलंडचे नाहीत त्यांनाही उभं राहायला सांगतात. ज्यांना कुळ नाही त्यांच्यासाठी टार्टनही आहेत. पाळकांची म्हणून ओळखली जाणारी एक नक्षी आहे, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या स्कॉटलंडच्या सरकारी टार्टन नोंदवहीत शीख, ज्यू आणि इस्लामी टार्टनही नोंदलेली आहेत.

आणि आशीर्वाद चोरून घेण्याची ती कथा? अनेक चर्चच्या छापील उपासनापत्रिकेत ती आता दंतकथा म्हणूनच येते, आणि तिच्या खालीच पीटर मार्शल आणि १९४१ चा उल्लेख असतो. हा क्रम उलटा हवा असं माझं मत आहे. बॉम्ब पडत असलेल्या देशासाठी परक्या राजधानीत जमलेली माणसं, त्यांनी पेटीत टाकलेले पैसे आणि त्या दिवशी पुढे आणलेली कापडं आधी सांगावीत, कलोडन नंतर यावं.