कृत्रिम झडप असलेल्यांची हृदय-कॅथेटर तपासणी

यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाच्या रक्तवाहिनीतून बारीक लवचीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन दाब मोजणे किंवा रंगद्रव्य सोडून चित्रण करणे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे या साऱ्याला सर्रास ‘अँजिओ’ म्हणतात. येथे हा शब्द अपुरा पडतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडे महाधमनीच्या झडपेच्या वरच्या बाजूला असतात, म्हणून अँजिओग्राफीत झडप ओलांडावी लागत नाही. डाव्या जवनिकेतला (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातला) दाब मोजायचा तर नेहमीच्या वाटेने ती ओलांडावी लागते, आणि धोका तिथेच आहे.

माणसाच्या हृदयात नळी प्रथम कोणी नेली, याबद्दल एकमत नाही. क्लोद बेर्नार यांचा घोड्यावरील प्रयोग साधारणपणे १८४४ चा मानतात. ब्लाइखरोडर व सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, पण नळी हृदयात पोचल्याचा क्ष-किरण पुरावा त्यांच्याकडे नव्हता. वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या हृदयात नळी नेऊन क्ष-किरणचित्र घेतले. त्यामुळे मान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तिरक्या चकतीच्या झडपेत (तिरुवनंतपुरमची ‘चित्रा’ झडप याच जातीची) नळी चकतीच्या अरुंद बाजूने शिरली तर अडकते, चकती मिटत नाही आणि रक्त जोराने उलटे वाहते. यात मृत्यूही झाले आहेत. दुपाती (दोन पात्यांच्या) झडपेतही पाते अडकू शकते. सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची दाबमापक तार मोजक्या रुग्णांत सुखरूप पार नेली गेली आहे, तरी तो सर्वसाधारण मार्ग ठरत नाही. आधी डॉप्लर इकोवर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणाऱ्या तपासणीवर) भागवावे. न भागल्यास अलिंदांमधला (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधला) पडदा भेदून जावे. मायट्रल (डावे अलिंद व डावी जवनिका यांमधली) झडपही यांत्रिक असेल तर ही वाटही बंद होते आणि छातीतून थेट जवनिकेत सुई घालण्याचा पर्याय उरतो.

रक्त पातळ ठेवणारी गोळी (वॉरफरिन, ॲसिट्रॉम) रुग्णाने स्वतःहून बंद करू नये, कारण झडपेवर गुठळी धरते. मनगटातून तपासणी करताना ती पुष्कळदा चालूच ठेवता येते; निर्णय आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) पाहून होतो.

सीमाभागात झडप एका शहरात बसते, तपासणी दुसऱ्या शहरात होते, कागद कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये समजावून घ्यावे लागतात. म्हणून झडपेचे नाव, जागा व क्रमांक असलेले कार्ड रेशनकार्डासारखे जपावे. ते हरवले असेल तर क्ष-किरण पडद्यावर जात बहुधा ओळखता येते: दुपाती झडप योग्य कोनातून पाहिली की प्रत्येक ठोक्याला दोन बारीक रेघा उघडमीट करताना दिसतात. एक रेघ जागच्या जागी राहिली, तर गुठळीची शंका घ्यावी.